दोन दोऱ्या : ध्रुवसफरींतील छायाचित्रे आणि प्राणिसृष्टी

(१)

वन्य प्राण्यांचे छायाचित्रण हा एक स्वतंत्र कलाव्यवहार म्हणून भारतात रूढ झाला तो मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आणि ह्या व्यवहाराच्या इतिहासात बेंगळूर नगराचे स्थान निःसंशय मोठे आहे. भारतातील छायाचित्रणाचा १८४० ते १९८० पर्यंतचा इतिहास १९८१ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारे डॉ. जी. टॉमस ह्याच नगरातले. टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२-२०१७) आणि ई. हनुमंतराव ह्यांनी आपली कीर्ती मिळविली तीही येथूनच. संडूरच्या मराठा राजघराण्यात जन्मलेले आणि कर्नाटकाचे अर्थमंत्री म्हणून बेंगळूरच्या राजकारणात वावरलेले मुरारराव यशवंतराव घोरपडे (१९३१-२०११) ह्यांचा 'सनलाइट अँड शॅडोज' हा वन्य छायाचित्रकाराच्या रोजनिशीवजा ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यकारभार आणि रानातली प्रतीक्षा ह्या दोहोंत सारखेच रमणारे घोरपड्यांसारखे व्यक्तिमत्त्व विरळाच.

ह्या कलाव्यवहाराबरोबर एक दंडकही आला. निसर्गचित्रांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत आणि स्पर्धांत असा संकेत आहे की, चित्रातील घटना खरी असावी आणि चित्रात माणसाचा हात दिसू नये. रान रानासारखे दिसावे, प्राणी आपल्या स्वभावधर्माने वागताना दिसावा, कुंपण, रस्ता, घर, दोर, आमिष ह्यांपैकी कशाचीही खूण चित्रात उरू नये. दंडक उदात्त आहे ह्यात संशय नाही. प्राण्याचे स्वत्व मान्य करण्याची ती एक रीत आहे. परंतु तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ छायाचित्रकारांचा नाही, तर इतिहासकाराचा आणि समीक्षकाचाही आहे. चित्रात माणसाचा हात दिसत नाही म्हणजे तो तेथे नव्हता असे समजावयाचे काय? आणि जो हात चित्रात स्पष्ट दिसतो, त्याने चित्राच्या सत्याला उणेपणा येतो काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर रानाकडे न जाता बर्फाकडे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाचा अखेर आणि विसाव्याचा आरंभ ह्या काळात ध्रुवप्रदेशांकडे जी जहाजे गेली, त्यांवर कॅमेरा आणि प्राणी ह्यांची गाठ अशा परिस्थितीत पडली की, तशी ती पूर्वी क्वचितच पडली असेल. त्या प्रदेशात झाड नाही, वस्ती नाही, चित्रविषय म्हणावा असे बर्फाखेरीज काही असेल तर ते प्राणीच. आणि तेच प्राणी त्या माणसांचे अन्नही होते, वाहनही होते, सोबतीही होते. चित्रातला प्राणी आणि ताटातला प्राणी एकच असण्याचा हा प्रसंग होता.

(२)

ध्रुवप्रवासात कॅमेरा फार लवकर शिरला. १८४५ मध्ये फ्रँकलिनची मोहीम आर्क्टिककडे निघाली तेव्हा तिच्याबरोबर डॅगेरोटाइपचे यंत्र दिले होते. छायाचित्रणाची कला जाहीर होऊन तेव्हा पुरती सहा वर्षेच लोटली होती. ती मोहीम परतली नाही आणि त्या यंत्राने टिपलेले एकही चित्र हाती लागले नाही. पुढे १८७२ ते १८७६ ह्या काळात सागरविज्ञानासाठी जगभर फिरलेल्या 'चॅलेंजर' जहाजाने १८७४ मध्ये दक्षिण ध्रुववृत्त ओलांडले आणि तेथील हिमनगांची छायाचित्रे आणली.

ह्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा बेल्जियमच्या 'बेल्जिका' जहाजाचा. १८९८ च्या मार्चपासून सुमारे वर्षभर हे जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकून पडले. दक्षिणेची ध्रुवरात्र माणसांनी जहाजावर काढली ती प्रथम ह्याच प्रवासात. जहाजावरील अमेरिकन डॉक्टर फ्रेडरिक कुक हाच छायाचित्रकार होता. खलाशांना रक्तपिती जडू लागली तेव्हा सील आणि पेंग्विन ह्यांचे ताजे मांस खाण्याचा आग्रह ह्याच डॉक्टरने धरला आणि त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले. ज्या हातांनी पेंग्विनचे चित्र टिपले त्याच हातांनी पेंग्विनचे मांस औषध म्हणून रुग्णाच्या पुढे ठेवले, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय त्या चित्रांचा अर्थ पुरता लागत नाही.

१९०१ ते १९०४ ह्या काळातील 'डिस्कव्हरी' मोहिमेत छायाचित्रणाचे काम जहाजाचा इंजिनिअर रेजिनल्ड स्केल्टन ह्याच्याकडे होते आणि प्राणिशास्त्राचे काम डॉ. एडवर्ड विल्सन ह्याच्याकडे. विल्सन हा चित्रकारही होता. सम्राट पेंग्विन आपली अंडी कोठे घालतात हे तोवर कोणासही ठाऊक नव्हते. १९०२ मध्ये केप क्रोझिअर येथे त्यांची वसाहत स्केल्टनच्या दृष्टीस पडली. कॅमेरा बाळगणारा माणूसच शोधही लावतो असे ध्रुवेतिहासात वारंवार घडले आहे.

त्याच सुमारास विल्यम ब्रूस ह्याच्या नेतृत्वाखाली स्कॉटलंडची 'स्कोशिया' मोहीम वेडेल समुद्रात होती. तिच्यातील एक छायाचित्र जगभर गाजले. १९०४ मध्ये टिपलेल्या ह्या चित्रात स्कॉटिश पोशाखातला गिल्बर्ट कर बर्फावर उभा राहून बॅगपाइप वाजवीत आहे आणि त्याच्या शेजारी एक सम्राट पेंग्विन जणू संगीत ऐकत उभा आहे. चित्र मोठे गमतीचे आहे आणि पाहणारा हसतो. तो पेंग्विन तेथे दोरीने बांधलेला होता. श्रोत्याची ती एकाग्रता म्हणजे बंदिवानाची अगतिकता होती. पाहणाऱ्याचे लक्ष त्या दोरीकडे जात नाही, कारण चित्राची सारी रचनाच ते जाऊ नये अशी आहे. ह्या लेखाच्या शीर्षकातील दोन दोऱ्यांपैकी ही पहिली.

(३)

रॉबर्ट स्कॉटची 'टेरा नोव्हा' मोहीम (१९१०-१९१३) ही ध्रुवीय छायाचित्रणाच्या इतिहासातील मध्यवर्ती घटना होय. ध्रुवाकडे जाणाऱ्या एवढ्या मोठ्या मोहिमेत केवळ चित्रे घेण्यासाठी एक व्यावसायिक कलावंत नेमला गेला होता. हर्बर्ट पाँटिंग हे त्याचे नाव. तो स्वतःस छायाचित्रकार म्हणवून घेत नसे. कॅमेरा-कलावंत म्हणवीत असे. जपान, चीन, ब्रह्मदेश, जावा आणि भारत ह्या देशांत त्याने पूर्वी चित्रे घेतली होती. १९११ च्या दीर्घ हिवाळ्यात केप इव्हान्स येथील लाकडी घरात तो आपल्या आशियातील प्रवासाच्या काचचित्रांचे खेळ सोबत्यांना दाखवीत असे. बाहेर ध्रुवरात्र पसरली असता आत पडद्यावर पूर्वेकडची ऊन भरलेली नगरे उमटावीत, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

ह्या मोहिमेचे भारताशी असलेले नाते एवढ्यावरच संपत नाही. तट्टांची जबाबदारी ज्याच्यावर होती तो कॅप्टन लॉरेन्स ओट्स मोहिमेत दाखल झाला तो महूच्या छावणीतून. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' मुळे ही छावणी मराठी वाचकांस परिचित आहे. आणि हेन्री बॉवर्स हा, ज्याच्याकडे ह्या लेखाला पुढे वळावयाचे आहे, रॉयल इंडियन मरीन ह्या नौदलाचा अधिकारी होता. त्या दलाचे मुख्य ठाणे मुंबई. ब्रह्मदेशातील इरावतीवर आणि इराणच्या आखातात त्याची सेवा झाली होती. नाकाच्या ठेवणीवरून सोबती त्याला 'बर्डी' म्हणत.

पाँटिंगच्या कलेचा आवाका मोठा होता. हजाराहून अधिक काचा त्याने भरल्या आणि शिवाय चलच्चित्रेही घेतली. जहाजाचा पुढचा भाग बर्फ कसा फोडतो हे टिपण्यासाठी जहाजाच्या कडेबाहेर फळ्या बांधून त्यांवरून तो लोंबत राहिला. वेडेल जातीचे सील आणि त्यांची पिले, पिलांचे रक्षण करण्यासाठी माणसाच्या डोक्यावर झडप घालणारे स्कुआ पक्षी, दगड गोळा करून घरटे रचणारे अॅडेली पेंग्विन ह्यांचे जीवन त्याने धीराने आणि प्रेमाने पाहिले. प्राण्याच्या एखाद्या मुद्रेऐवजी त्याचा दिनक्रम दाखवावा ही कल्पना त्याच्या चलच्चित्रांत स्पष्टपणे साकार झाली आहे.

तथापि त्याच्या आयुष्यातील प्राण्यांचा सर्वांत थरारक प्रसंग चित्रात नाही. १९११ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सामान उतरविण्याचे काम चालू असता सहा-सात किलर व्हेल बर्फाच्या कडेला आले. काठावर दोन कुत्री बांधलेली होती. पाँटिंग कॅमेरा घेऊन धावला. इतक्यात व्हेल पाण्याखाली गेले आणि त्यांनी खालून धडका देऊन बर्फाचा जाड थर फोडला. तुकड्यातुकड्यावरून उड्या मारीत पाँटिंग निसटला, कुत्रीही बचावली. ह्या घटनेचे चित्र नाही; ते असणे शक्यही नव्हते. ती आज वाचावयास मिळते ती स्कॉटच्या रोजनिशीत. स्कॉटने ह्यात व्हेलची हेतुपूर्वक हिंसा आणि अक्कल पाहिली. बर्फाच्या तुकड्यावर बसलेल्या सीलला पाण्यात पाडण्यासाठी किलर व्हेल एकत्र येऊन लाटा उठवितात हे पुढे अभ्यासकांनी नोंदले. तेव्हा त्या व्हेलना माणूस हवा होता असे मानण्याचे कारण नाही. बांधलेली कुत्री त्यांना सीलसारखी भासली असणे अधिक संभवनीय. येथे शब्दाने घटना वाचविली, परंतु शब्दाने तिला अर्थही दिला, आणि तो अर्थ भयातून आलेला होता. साक्ष देणाऱ्या शब्दाची मर्यादा येथे दिसते. ती चित्राच्या मर्यादेहून वेगळी आहे इतकेच.

पाँटिंगची खरी अडचण पुढची होती. त्याचे जड साहित्य ध्रुवापर्यंत जाणे अशक्य होते. म्हणून ध्रुवयात्रेस निघण्यापूर्वी स्कॉट, विल्सन, बॉवर्स आणि एडगर इव्हान्स ह्यांनी तळाजवळच तंबू ठोकून, स्वयंपाक करून, झोपण्याच्या पिशव्यांत शिरून दाखविले आणि पाँटिंगने ते चित्रित केले. १९१२ च्या मार्चमध्ये तो परत फिरला तेव्हा ह्या चौघांपैकी इव्हान्स मेला होता आणि बाकीचे तिघे मरणाच्या वाटेवर होते, आणि ते कोणासही ठाऊक नव्हते. पुढे १९२४ च्या 'द ग्रेट व्हाइट सायलेन्स' आणि १९३३ च्या '९० डिग्रीज साउथ' ह्या चित्रपटांत हाच तंबू ध्रुवाच्या वाटेवरील तंबू म्हणून कथेत बसविला गेला. ध्रुवयात्रेचे खरे चलच्चित्र नसल्यामुळे चित्रपटाचा मोठा भाग सील, स्कुआ आणि पेंग्विन ह्यांनी व्यापला. प्रेक्षकांना ते प्राणी आवडावेत म्हणून शीर्षकपट्ट्यांतून त्यांच्यावर मानवी संसाराच्या थट्टेखोर उपमा चढविण्यात आल्या. माणसाचे नकलाकार म्हणून पेंग्विनची जी प्रतिमा आजही बालपुस्तकांतून आणि जाहिरातींतून दिसते, ती रूढ होण्यात ह्या चित्रपटाचा वाटा आहे. म्हणजे जेथे माणसाची कथा दाखविता आली नाही तेथे प्राण्याला माणूस करण्यात आले. त्याच तळावर रोजच्या जेवणासाठी आणि कुत्र्यांच्या खाण्यासाठी सील मारले जात. ही गोष्ट समजण्यासाठी चित्रपटाशेजारी रोजनिश्या उघडून ठेवाव्या लागतात.

(४)

आता बॉवर्सकडे वळले पाहिजे. कारण प्राणी, चित्र आणि शब्द ह्या तिहींचा संबंध त्याच्या आयुष्यातील सहा-सात महिन्यांत एकवटलेला आहे.

२७ जून १९११ रोजी विल्सन, बॉवर्स आणि अॅप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे ऐन ध्रुवरात्रीत केप क्रोझिअरकडे निघाले. सम्राट पेंग्विन हिवाळ्यात अंडी घालतो. त्या अंड्यांतील गर्भ पाहिल्यास पक्षी आणि सरपटणारे प्राणी ह्यांचे पूर्वसंबंध उलगडतील अशी त्या काळच्या शास्त्राची अपेक्षा होती. उष्णमान शून्याखाली ६० अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. एका वादळात त्यांनी बांधलेल्या दगडी खोपटाचे छप्पर उडाले, तंबू उडून गेला आणि दैवयोगानेच पुन्हा सापडला. पाच अंडी उचलली, दोन फुटली, तीन घेऊन ते १ ऑगस्टला परतले.

ह्या पाच आठवड्यांचे एकही छायाचित्र नाही. काळोखात ते निघणार तरी कसे? पाँटिंगने निघतानाचे चित्र घेतले आणि परतल्यावरचे घेतले. परतल्यावरच्या चित्रात तिघे टेबलाशी बसून पेय घेत आहेत. त्यांचे चेहरे काळवंडलेले आहेत आणि डोळे कोठे तरी हरवल्यासारखे दिसतात. मधले सारे त्या डोळ्यांत आहे असे म्हणण्याचा मोह होतो; परंतु डोळ्यांत काय आहे हे चित्र सांगू शकत नाही. ते सांगितले चेरी-गॅरार्डने, आणि तेही तत्काळ नव्हे. त्याचा 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड' हा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत त्याचे दोन्ही सोबती जाऊन दहा वर्षे झाली होती. १८५७ ची धामधूम पाहिलेल्या गोडसे भटजींनीही आपली हकीकत अनेक वर्षांनंतर लिहिली आणि ती छापून निघाली ती १९०७ मध्ये. अशा उशिरा लिहिलेल्या साक्षीत तपशील निसटतात, पण अनुभवाचे वजन वाढलेले असते. घटनेच्या क्षणी टिपलेल्या चित्राला हे वजन कधीच येत नाही, कारण पुढे काय झाले हे चित्राला ठाऊक नसते.

अंड्यांचे पुढे काय झाले? चेरी-गॅरार्डने १९१३ मध्ये ती लंडनच्या संग्रहालयात नेऊन दिली. त्यांतील गर्भांवरील प्राणिशास्त्रीय अहवाल १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ज्या सिद्धान्तासाठी हा खटाटोप झाला तो सिद्धान्तच मागे पडला होता, आणि गर्भांतून विशेष काही निष्पन्न झाले नाही. शास्त्राच्या हिशेबात ही फेरी जवळजवळ व्यर्थ ठरली. वाङ्मयात मात्र तिच्यामुळे प्रवासवर्णनाचा एक श्रेष्ठ ग्रंथ निर्माण झाला.

ह्या फेरीनंतर बॉवर्स पाँटिंगपाशी छायाचित्रण शिकला. स्कॉटही शिकला. शिष्य नवखे होते, पण ध्रुवापर्यंत कॅमेरा नेण्याचे काम अखेर बॉवर्सकडेच आले. १७ जानेवारी १९१२ रोजी पाच जण ध्रुवावर पोहोचले. आमुंडसेन तेथे १४ डिसेंबर १९११ लाच येऊन गेला होता. आमुंडसेनच्या तुकडीची ध्रुवावरील चित्रेही तिच्यातील ब्योलान ह्याच्या साध्या कोडॅक कॅमेऱ्याने घेतलेली आहेत, कारण आमुंडसेनचा स्वतःचा कॅमेरा निकामी झाला होता. दोन्ही पक्षांच्या कीर्तीचा दृश्य पुरावा अशा रीतीने हौशी हातांनी घडविला.

दुसऱ्या दिवशी बॉवर्सने कॅमेरा मांडला, त्याच्या कळीला दोरी बांधली आणि तिचे टोक हातात धरून स्वतः सोबत्यांच्या रांगेत बसला. चित्रात ती दोरी ओढणारा त्याचा हात दिसतो. रचना साधी आहे, प्रकाश कठोर आहे, चेहऱ्यांवर पराभव आहे. पाँटिंगने असे चित्र कदाचित नापसंत केले असते. परंतु पाहणाऱ्यापासून ते काहीच लपवीत नाही. हे चित्र कोणी घेतले, कसे घेतले, आणि घेणारा स्वतः त्या दुर्दैवात कसा सामील होता, हे सारे त्या दोरीने सांगितले आहे. ही दुसरी दोरी.

परतीच्या वाटेवर पाचही जण मेले. स्कॉटची शेवटची नोंद २९ मार्च १९१२ ची आहे. बॉवर्सने टिपलेल्या फिल्मा त्या तंबूतच राहिल्या आणि आठ महिने बर्फाखाली पडून होत्या. त्या परत कशा आल्या ही कथा क्वचितच सांगितली जाते, आणि तिच्यात पुन्हा भारत आहे. ओट्सच्या सल्ल्यावरून स्कॉटने भारतातून खेचरे मागविली होती. भारतीय लष्कराने शिकवून तयार केलेली सात हिमालयी खेचरे १९१२ च्या आरंभी अंटार्क्टिकात उतरली. लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी अशी त्यांची नावे होती. बर्फावर चालण्यासाठी त्यांच्या खुरांना बांधण्याचे जोड आणि डोळ्यांना लावण्याचे चष्मे त्यांच्याबरोबर होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या अखेरीस शोधतुकडी निघाली ती ही खेचरे आणि कुत्री घेऊन. १२ नोव्हेंबरला तंबू सापडला. रोजनिश्या, पत्रे आणि फिल्मा तळावर आणल्या गेल्या. फ्रँक डेबनहॅमने त्या धुतल्या आणि काचेसारख्या थंड अंधारातून ते पाच चेहरे पुन्हा उजेडात आले.

जगाने ते चेहरे पाहिले. ज्या खेचरांनी ओझी वाहून ते चेहरे परत आणण्यास हातभार लावला त्यांच्यापैकी एकही भारतात परतले नाही. पाँटिंग आधीच निघून गेला होता; त्याच्या कलेचा प्रकाश त्यांच्या वाट्याला आला नाही. पेंग्विनला जगप्रसिद्धी मिळाली, गुलाब आणि प्यारी ही नावे मोहिमेच्या ग्रंथांत कोठे तरी तळटिपेसारखी राहिली. कोणता प्राणी चित्राचा विषय होतो आणि कोणता केवळ साधन राहतो, ह्याचा निर्णय प्राण्याच्या गुणांवर होत नाही. आकर्षक परका प्राणी चित्रात येतो. राबणारा घरचा प्राणी चौकटीबाहेर उभा असतो.

(५)

चौकटीबाहेर काय ठेवावयाचे हा निर्णय कधी कलावंत करतो, कधी समाज, कधी प्रत्यक्ष परिस्थिती. ह्याची दोन उदाहरणे त्याच काळातली आहेत.

स्कॉटच्या उत्तर तुकडीतील डॉक्टर मरे लेव्हिक ह्याने १९११-१२ च्या उन्हाळ्यात केप अडेअर येथे अॅडेली पेंग्विनांच्या वसाहतीचा अभ्यास केला आणि चित्रे घेतली. त्याचा पेंग्विनांवरील ग्रंथ १९१४ मध्ये निघाला व लोकप्रिय झाला. परंतु त्या पक्ष्यांच्या कामव्यवहारातील काही गोष्टी त्याला इतक्या धक्कादायक वाटल्या की त्याने त्या ग्रीक अक्षरांत नोंदविल्या. त्यांवरील टिपण प्रसिद्धीसाठी नव्हे अशा शेऱ्यासह मोजक्याच प्रतींत छापले गेले, आणि विद्वानांच्या नियतकालिकात ते उघडपणे प्रसिद्ध झाले २०१२ मध्ये. पेंग्विनला एकदा शिष्ट गृहस्थ ठरविल्यावर त्याचे खरे वागणे लपविणे भाग पडले. उपमा प्रथम गंमत म्हणून आली आणि पुढे तिने ज्ञानाच्या वाटेत अडसर घातला.

दुसरे उदाहरण शॅकलटनच्या 'एन्ड्युअरन्स' मोहिमेतील (१९१४-१९१७) फ्रँक हर्लीचे. १९१५ मध्ये बर्फाने जहाज चिरडले तेव्हा पाण्यात शिरून त्याने आपल्या काचा बाहेर काढल्या. पुढचा प्रवास होड्यांतून होता; वजन नेणे शक्य नव्हते. शॅकलटन आणि हर्ली ह्यांनी बर्फावर बसून निवड केली. सुमारे १२० काचा ठेवल्या आणि सुमारे ४०० फोडून टाकल्या, म्हणजे मोह पुन्हा होऊ नये. जहाजावरील कुत्र्यांची हर्लीने घेतलेली चित्रे व्यक्तिचित्रांच्या तोडीची आहेत. तीच कुत्री पुढे अन्न संपत आले तेव्हा गोळी घालून मारावी लागली. आणि हाच हर्ली परतल्यावर चित्रांची जोडाजोड करीत असे. १९१६ च्या एप्रिलमध्ये एलिफंट बेटावरून होडी निघतानाचे चित्र त्याने फेरफार करून ऑगस्टमधील सुटकेचे चित्र म्हणून दाखविले. ज्याने पुराव्यासाठी बर्फाळ पाण्यात उडी घेतली त्यानेच पुरावा बदलला. ह्यास ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः ती सुटका घडली होती. तिचे समाधानकारक चित्र नव्हते. शब्दाने जेथे काम भागले असते तेथे चित्रच हवे असा आग्रह श्रोत्यांचा होता, आणि हर्ली त्या आग्रहास बळी पडला.

(६)

ह्या सफरींनंतर ध्रुवप्रदेश बदलला आणि माणसाचे त्याच्याशी असलेले नातेही बदलले. १९५९ चा अंटार्क्टिक करार आणि १९९१ चा माद्रिद मसुदा ह्यांमुळे तेथील प्राण्यांना मारणे तर सोडाच, परवान्यावाचून त्रास देणेही निषिद्ध झाले. १९९४ पर्यंत अखेरची कुत्रीही तेथून हलविण्यात आली. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. एस. झेड. कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. एकवीस जणांच्या त्या तुकडीला पोट भरण्यासाठी सील मारण्याची गरज नव्हती. प्राण्याकडे केवळ पाहता येणे ही फार अलीकडची संपन्नता आहे, आणि निसर्गचित्रात माणसाचा हात नसावा हा दंडक तिच्यातूनच संभवतो.

येथे आरंभीच्या प्रश्नाकडे परतता येते. बेंगळूरच्या छायाचित्रकारांनी जो दंडक पाळला तो प्राण्याच्या सन्मानासाठी होता. त्याची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ध्रुवसफरींचा इतिहास सांगतो की, न दिसणारा हात हा नेहमीच नसलेला हात नसतो. स्कॉटिश वादकाच्या शेजारचा पेंग्विन मोकळा दिसतो आणि बांधलेला आहे. बॉवर्सच्या हातातली दोरी दिसते आणि तिच्यामुळेच चित्र विश्वासार्ह ठरते. तेव्हा कसोटी हात दिसण्या-न दिसण्याची नव्हे. चित्र घेणाऱ्याचे विषयाशी जे नाते होते ते चित्र कबूल करते की झाकते, ही खरी कसोटी होय. ते नाते भुकेचे असेल, प्रेमाचे असेल, सत्तेचे असेल. बहुधा ते ह्या सर्वांचे मिश्रण असते.

हीच कसोटी शब्दालाही लागू आहे. मराठीत रानावर आणि प्राण्यांवर जे लेखन झाले त्यात व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली ह्यांचे लेखन मोलाचे ठरले, ह्याचे एक कारण असे की, रानात पाहणारा माणूस त्यांच्या पानांतून नाहीसा होत नाही. तो कोठे बसला आहे, त्याला किती दिसते आणि किती दिसत नाही हे वाचकास कळते. चेरी-गॅरार्डच्या ग्रंथाचे बळही ह्याच जातीचे आहे. अंडी उचलताना पेंग्विनांवर आपण कोणता प्रसंग आणला हे तो लपवीत नाही आणि त्या पराक्रमातून शास्त्राला किती थोडे मिळाले हेही झाकीत नाही.

म्हणून ध्रुवसफरींची चित्रे पाहावयाची ती एकटी पाहू नयेत. पाँटिंगच्या सीलाशेजारी तळावरच्या जेवणाची नोंद, हर्लीच्या कुत्र्याशेजारी गोळीची नोंद आणि बॉवर्सच्या पाच चेहऱ्यांशेजारी सात खेचरांची नावे ठेवली म्हणजे त्या इतिहासाचा परीघ पूर्ण होतो. बर्फावर माणसे गेली तेव्हा ती एकटी गेली नव्हती. त्यांच्याबरोबर गेलेले आणि त्यांना तेथे भेटलेले प्राणी स्वतःची साक्ष देऊ शकत नव्हते. ती देण्याची जबाबदारी ज्यांच्या हाती कॅमेरा आणि लेखणी होती त्यांच्यावर पडली, आणि ती कोणी कशी पाळली ह्याचा निवाडा आजही त्या चित्रांपुढे उभे राहून करावा लागतो.